पाण्यानं लावलेले दगड

९० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद आणि ४५ उंच अशी काचेची टाकी. आत पाच दगड, त्यांच्या पायाशी बोटभर हिरवळ, वर एकाच जातीच्या लहान माशांचा थवा. लाल झाड नाही, लाकूड नाही, मागच्या काचेला चिकटवलेलं चित्र नाही. दवाखान्याच्या वेटिंग रूममधला बुडबुडे सोडणारा प्लास्टिकचा पाणबुड्या बघत मोठं झालेल्या माणसाला ही टाकी अर्धवट सोडून दिल्यासारखी वाटते. जपानी मंडळी या रचनेला 'इवागुमी' म्हणतात. पाणवनस्पतींच्या टाक्यांच्या स्पर्धेत सगळ्यात कमी सामानात उभी राहणारी आणि सगळ्यात लवकर उघडी पडणारी रचना हीच. इतर टाकीत चूक झाली तर पुढे एखादं झुडूप लावून झाकता येतं. इथे झाकायला काहीच नसतं.

ती वाचायला सुरुवात मुख्य दगडापासून करावी. त्याला ओयाईशी म्हणतात. उंची टाकीच्या दोन तृतीयांश, म्हणजे ३० सेंटिमीटरच्या आसपास. तो मधोमध कधीच नसतो. एका बाजूनं ५५-५६ सेंटिमीटरवर, सोनेरी प्रमाणाच्या रेषेपाशी असतो आणि किंचित कललेला असतो. शेजारी दुसऱ्या नंबरचा दगड, त्याला टेकू दिल्यासारखा तिसरा. या तिघांची मांडणी जपानी बागांतून आली. दगड कसे लावावेत हे सांगणारा 'साकुतेइकी' हा ग्रंथ अकराव्या शतकातला आहे, तेव्हा परंपरा जुनी. पण मला या रचनेत सगळ्यात मोलाचा वाटतो तो शेवटचा, सुतेइशी नावाचा बारका दगड. तो लावला जातो तेव्हा जेमतेम दिसतो आणि हिरवळ वाढली की जवळजवळ बुडून जातो. स्पर्धेच्या फोटोत तो सापडेलच असं नाही. तरी तो काढून पाहा. मोठा दगड लगेच कुणीतरी आणून ठेवल्यासारखा दिसायला लागतो.

असं का होतं, याचं उत्तर पांढुर्ण्यात उन्हाळ्यात जाम नदीच्या पात्रात उतरलं की मिळतं. पाणी आटलेलं असतं आणि पावसाळ्यात पुरानं केलेली सगळी मांडणी उघडी पडलेली असते. मोठा दगड पात्रात कधी एकटा नसतो. प्रवाह ज्या बाजूनं येतो तिकडे त्याच्या पायाशी खळगा असतो, कारण पाणी आपटून तिथली वाळू उकरून नेतं. पलीकडच्या आडोशाला पाण्याचा जोर मरतो, म्हणून तिथे बारीक खडी आणि वाळूची लांबट शेपटी साचते. चपटे गोटे एकमेकांवर रेलून पडलेले असतात आणि सगळ्यांची वरची कड वाहत्या पाण्याच्या दिशेनं झुकलेली असते. शंभर गोटे बघा, शंभरही एकच दिशा सांगतील. आणि प्रत्येकाचा बराचसा भाग जमिनीत असतो; आपल्याला दिसतो तो फक्त वरचा.

आता परत टाकीकडे यावं. ओयाईशी कलतो तो याच कारणानं, आणि बाकीचेही त्याच बाजूला कलतात. एखाद्यानं दोन दगड एकमेकांकडे तोंड करून उभे केले, की डोळ्याला खटकतं. का खटकलं ते सांगता येत नाही, पण आपण सगळ्यांनी कधी ना कधी नदी पाहिलेली असते. सुतेइशी म्हणजे मोठ्या दगडाचा फुटलेला तुकडा, आडोशाला अडकून राहिलेला. टाकीत एक थेंबही वाहत नसताना पाणी कुठून कुठे गेलं हे पाच दगडांनी सांगायचं, एवढंच इवागुमीचं काम. ते जमलं की टाकी जमली.

पांढुर्ण्यात दगडाचं एवढं कौतुक करताना थोडं जपूनच बोलावं लागतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी याच जामच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात आणि पांढुर्णा आणि सावरगाव अशा दोन्ही काठांवरून गोटमार होते. नदी, मधोमध एक खोड आणि दगड: सामान तेच, पण त्या दिवशी दगड लावायचे नसतात, आणि किती जणांची डोकी फुटतात ते सगळ्यांना माहीत आहे.

दगड लागले, की पुढची झुंज खोलीशी. हवेतून काचेपलीकडच्या पाण्यात पाहताना मागची काच पुढे सरकल्यासारखी दिसते. प्रकाश वळतो म्हणून ४५ सेंटिमीटरची टाकी डोळ्याला सुमारे ३४ सेंटिमीटरचीच वाटते. पाव भाग पाण्यानं गिळला. तो परत मिळवण्यासाठी मांडणारा लबाड्या करतो. तळाची माती पुढच्या काचेशी चार-पाच सेंटिमीटर ठेवून मागे पंधरापर्यंत चढवतो. मोठे दगड पुढच्या अंगाला आणि त्याच जातीचे लहान तुकडे मागे, म्हणजे मागचे दूर असल्यासारखे वाटतात. पानंही तशीच: मागे बारीक पानांची झाडं. मासे लहान ठेवायचे, कारण मासा मोठा झाला की डोंगर आपोआप ढेकूळ होतो. या लबाड्या चांगल्या टाकीत दिसत नाहीत. वाईट टाकीत पुढून मागे निमुळती होत गेलेली पांढऱ्या वाळूची वाट तेवढी दिसते. ती वाट मला मनापासून आवडत नाही. पाण्याखाली एवढी सरळ पायवाट कोणाच्या पायांनी पडली?

हिरवळीची गोष्ट मात्र वेगळीच आहे, कारण इथून टाकी हलायला लागते. दगड लावून मोकळं होता येतं, झाडं वाढत राहतात. गालिच्यासाठी लावतात ती ग्लॉसोस्टिग्मा ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडची. मुळात पाणथळ काठावर राहणारी, दोन-दोन गोल पानांची. तिचा स्वभाव बघण्यासारखा आहे. उजेड कमी पडला की ती देठ लांबवून वर येते, गालिचा न होता रान माजतं. उजेड भरपूर मिळाला की जमिनीलगत सरपटते आणि पेरापेराशी मुळं सोडते. पण उजेड वाढवला की झाडाला कार्बन डायऑक्साइडही जास्त लागतो, आणि हा वायू हवेच्या तुलनेत पाण्यात सुमारे दहा हजारपट हळू पसरतो. म्हणून बाहेरून सिलिंडर लावून तो सोडावा लागतो. काचेच्या एका छोट्या फुग्यात निळं द्रावण ठेवून टाकीत टांगतात; ते पोपटी झालं की वायू बेताचा आहे, पिवळं झालं की माशांना धाप लागणार. उजेड, वायू आणि खत यांपैकी एकाचं पारडं जड झालं की उरलेल्या जागी शेवाळ हक्क सांगतं. आणि सगळं जुळलं, की दुपारनंतर पानांच्या कडांवर ऑक्सिजनचे मोत्यासारखे थेंब धरतात. पाणी ऑक्सिजननं भरून गेलं, आता यात मावत नाही, असा त्याचा अर्थ. दिसायला सुंदर, पण नुसती शोभा नव्हे. हिशेब बरोबर आल्याची ती खूण असते.

सुधारणा म्हणजे काय, हेही इथेच कळतं. नवखा माणूस टाकी सुधारायला बाजारात जातो आणि एक झाड जास्तीचं आणतो. मुरलेला माणूस कात्री काढतो. गालिचा पहिल्यांदा दाट झाला की तो जवळजवळ मुळापर्यंत कापतात, पुन्हा येऊ देतात, पुन्हा कापतात. वरचा थर जाड झाला तर खालच्या थराला उजेड मिळत नाही, तो कुजतो आणि एक दिवस अख्खी हिरवळ सतरंजीसारखी सुटून वर तरंगते. छाटणीचा शेवटचा हात फोटोच्या काही आठवडे आधी फिरायला हवा; उशीर झाला तर कापलेली टोकं दिसतात, लवकर झाला तर दगडांचे पाय बुडतात.

आपल्या भागात ही टाकी लावायची तर आधी दगड तपासावा लागतो. पांढुर्ण्याकडे जामचे गोटे बहुतेक काळ्या बेसॉल्टचे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे. पाण्यात ते गप्प राहतात, फक्त पोकळ्यांत पांढरा कॅल्साइट भरलेला नसावा. सौंसरकडे गेलं की जमीन पालटते. तिथले खडक याहून कितीतरी जुने. भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत मॅंगनीज आणि संगमरवराच्या एका अख्ख्या खडकगटाला सौंसरचंच नाव आहे. हा संगमरवर पाण्याखाली काय देखणा दिसेल! पण तो पाण्यात विरघळत राहतो, पाणी जड करतो, आणि मऊ पाण्यातली झाडं खुरटतात. संडास साफ करायच्या अ‍ॅसिडचा एक थेंब टाकून बघायचं: फेस आला तर दगड परत ठेवायचा. यातही एक मेख आहे. डोलोमाइट असलेला संगमरवर थंड अ‍ॅसिडला सहज दाद देत नाही. आधी चाकूनं खरवडून भुकटी करावी, मग थेंब टाकावा. तेव्हा तो फसफसतो.

या कलेला आजचं रूप दिलं ते निइगाताच्या ताकाशी अमानो यांनी. जन्म १९५४चा. तरुणपणी ते व्यावसायिक सायकलपटू होते. मोठ्या आकाराच्या फिल्मवर जंगलांचे फोटो काढायचे, आणि ते जंगल बघून आल्यावर टाकी लावायचे. त्यांच्या आधी डच पद्धतीचा दबदबा होता: पायऱ्यापायऱ्यांनी लावलेले झाडांचे वाफे, उत्तम बाग. अमानोंनी वाफे मोडले. २०१५ च्या एप्रिलमध्ये लिस्बनच्या मत्स्यालयात त्यांची शेवटची मोठी रचना खुली झाली: ४० मीटर लांब, १ लाख ६० हजार लिटर पाणी, ७८ खोडं आणि अझोर्स बेटांवरून आणलेला २५ टन ज्वालामुखीचा दगड. त्याच ऑगस्टमध्ये ते गेले. एवढ्या मोठ्या पसाऱ्यातही त्यांचा जुना नियम जागोजागी दिसतो. खोडं उभी रोवलेली नाहीत. पुरात वाहून येऊन अडकल्यासारखी आडवी-तिरकी आहेत आणि त्यांच्या बेचक्यांत दगड साचलेले आहेत. एवढी टनावारी सामग्री आणि तरी माणसाचा हात दिसत नाही. हे जमायला तो हात किती पक्का असावा लागतो!

त्यांनीच २००१ मध्ये सुरू केलेली जागतिक स्पर्धा आज या क्षेत्रातली सर्वात मोठी मानली जाते. तिच्या गुणपत्रिकेत एके काळी १०० पैकी ५० गुण एकाच गोष्टीला होते: माशांना नैसर्गिक वाटावं असं घर उभं राहिलं आहे का. बाकी कल्पकता, कसब, समतोल यांना दहा-दहा. मला ही वाटणी फार आवडते, कारण त्यात रचनेचा पहिला रसिक मासा ठरतो. पण स्पर्धा जुनी होत गेली तशी टाकीत भलतंच दिसू लागलं. काड्या जोडून केलेली वडाची झाडं, पारंब्या, दऱ्या, धबधब्यासारखी ओघळणारी वाळू. कसब अचाट आहे, तासन्‌तास बघत राहावं असं. तरी अशा टाकीतला मासा झाडाच्या शेंड्यावरून जातो तेव्हा तो पक्षी होतो, आणि पाणी म्हणजे हवा होते. पाण्याची कला पाणी लपवण्यात खर्ची पडते. इवागुमीकडे वळून बघावंसं वाटतं ते म्हणूनच.

दुसरी अडचण फोटोची. परीक्षक टाकी पाहत नाहीत, तिचा एक फोटो पाहतात. त्या दिवशी नळ्या, यंत्रं सगळं बाहेर काढतात, जादा दिवे लावतात आणि पृष्ठभागावर तरंग उठावेत म्हणून केस वाळवायच्या ड्रायरनं हवा मारतात. दुसऱ्या दिवशी टाकी मोडली तरी गुण तेच. डच लोकांची रीत वेगळी: तिथे परीक्षक घरी येतात, टाकीसमोर बसतात, पाणी तपासतात, मासे खाताना बघतात.

जपानला फोटो पाठवायची मुदत मे अखेरची असते. पांढुर्ण्याच्या माणसानं भाग घ्यायचा ठरवला तर टाकी ऐन भरात येणार ती नेमकी ४४-४५ अंशांच्या दिवसांत. झाडांना हवं २४ ते २६ अंश. पाणी तापलं की त्यात वायू कमी मावतो, झाडं आणि मासे दोघंही उपाशी राहतात. महागडा चिलर घ्यायचा नसेल तर उघड्या पाण्यावर छोटा पंखा लावतात. बाष्पीभवनानं पाणी दोन ते चार अंश उतरतं. यात आपली कोरडी झळ कामी येते. ज्या हवेत घराघरातला कूलर खोली गार करतो त्याच हवेत हा पंखाही काम करतो, मुंबईच्या दमट मे महिन्यात तो जवळजवळ निरुपयोगी. फक्त उडालेल्या पाण्याच्या जागी बोअरचं पाणी ओतायचं नाही. वाफ निघून जाते, क्षार मागे राहतात. कूलरच्या जाळीवर जो पांढरा थर बसतो तोच मग जामच्या काळ्या गोट्यांवर बसतो. भर घालायची ती आरओच्या पाण्याची.

अशी टाकी पांढुर्ण्यात लागली, तर तिच्यात मी परदेशी टेट्राऐवजी आपले झेब्रा डॅनिओ सोडीन. ते वरच्या थरात सतत पळतात, थवा धरून फोटोसाठी एका जागी थांबत नाहीत, म्हणून स्पर्धावाले त्यांना टाळतात. पण दगड जो प्रवाह सुचवतात त्यात पोहल्यासारखे तेच दिसतील. फोटोत दोन-चार मासे हललेले येतील, गुण जातील. या टाकीला डच परीक्षकच बरा. त्यानं मे महिन्यात यावं, कूलरसमोर खुर्ची देऊ.