टेपा जपल्या, बापाचं नाव?

ग्रेटफुल डेड ऐकायचं तर आधी १९६९ ची 'लाइव्ह/डेड' लावा. कॅलिफोर्नियाचा हा बँड १९६५ ते १९९५ वाजत राहिला. गाणं तेच, पण दर कार्यक्रमात वेगळं. 'डार्क स्टार' इथं २३ मिनिटं चालतं. ऐकणारे टेपा करायचे. १९८४ पासून बँडनंच त्यांना वेगळी जागा दिली. टेपा विकायच्या नाहीत, अदलाबदल करायच्या, हा रिवाज. ऐकणाऱ्यांनीच गाणं जपलं, हे मी मोठं मानतो.

पण याच रेकॉर्डवर रेव्हरंड गॅरी डेव्हिसचं गाणं आहे, बॉबी ब्लँडनं गाजवलेलंही आहे. दोघंही काळे गायक. तारीखवार टेपांचा हिशेब ठेवता, तर यांचाही ठेवा. वारसा म्हणता ना? मग बापाचं नाव लावा.