टिळक अपिलात जिंकतील काय?

दिवाळीच्या सुटीत मुले घरी अभिरूप न्यायालय भरवतात. जुना आरोपी, नवे वकील, आणि निकाल टाळ्यांवर! त्यात १९०८ चा लोकमान्यांचा राजद्रोहाचा खटला घेतला, की हटकून एक चूक होते. सरकारी वकिलाला खलपुरुष करून टाकतात. मग उरते ते कीर्तन.

वाचकहो, सरकारी बाजू दुबळी नव्हती. ३० एप्रिलला मुझफ्फरपूरच्या बाँबने केनेडी मायलेकींचा बळी घेतला. पाठोपाठ ‘केसरी’त ‘देशाचे दुर्दैव’ (१२ मे) आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ (९ जून) हे लेख आले. शिवाय १८९७ च्या खटल्यात न्या. स्ट्रॅची यांनी १२४-अ कलमातल्या ‘अप्रीती’चा अर्थ प्रीतीचा अभाव असा ऐसपैस लावून ठेवला होता. त्या कायद्याखाली ‘लेख निरुपद्रवी होते’ असे म्हणत जो वकील उभा राहील, तो हरलाच म्हणून समजा.

त्याने भाषेला हात घालावा. नऊ ज्युरर, सात युरोपियन, दोन पारशी, कौल सातास दोन. लेख मराठी, पण ज्युरीपुढे इंग्रजी भाषांतर. टिळकांनी भाषांतरकाराची उलटतपासणी केली, ती उगाच नव्हे. ‘टिकाऊ’ हाच शब्द घ्या. आपल्याकडे तो लुगड्याला नि भांड्याला लागतो. दडपशाहीच्या कायद्यांना तो लावला, की माल पारखून परत करणाऱ्या गिऱ्हाइकाचा सूर येतो. त्यात उपहास आहे, तो इंग्रजीत उतरायचा कसा? आणि उपहास वगळला, की उरते ती धमकी!

दुसरा मुद्दा, दोन लेखांचे दोन खटले टिळकांची हरकत असता एकत्र चालवले. तिसरा, घरी सापडलेले ते पोस्टकार्ड. त्यावर स्फोटकांच्या दोन पुस्तकांची नावे होती. लेखांच्या अर्थाशी त्याचा संबंध काय?

न्या. दावर १८९७ साली टिळकांच्या जामिनासाठी वकील म्हणून उभे होते, हा योगायोग प्रेक्षकांना फार आवडतो. नाटककाराने तो जरूर ठेवावा. अपिलात त्याला कवडीचीही किंमत नाही.

सरकारी वकील उत्तर देईल, ‘आरोपी स्वतः एकवीस तास बोलला, भाषांतरावरचे सारे आक्षेप ज्युरीने ऐकले.’ हे उत्तर खरोखर जड आहे. त्यावर १९६२ चा केदारनाथसिंह निकाल काढणे मात्र लबाडी होय. त्यामागे राज्यघटना आहे, १९०८ ला ती कोठली? १९१६ चा दाखला चालेल. कलम तेच, हायकोर्ट तेच, आरोपीही तोच; भाषणे समग्र वाचली गेली आणि जामीनकीचा हुकूम रद्द झाला.

माझा निकाल विचाराल, तर निर्दोष सुटका नव्हे. सहा वर्षांची शिक्षा रद्द, आणि मराठी वाचणाऱ्या ज्युरीपुढे फेरसुनावणी. मुलांना तो मान्य नसेल, तर त्यांनी खुशाल पुन्हा न्यायालय भरवावे. फक्त सरकारी वकिलाचे काम घरातल्या सर्वांत हुशार मुलीला द्यावे.