नॉटिंग हिलचीं सोंगें

ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारीं व त्याच्या आदल्या रविवारीं लंडनच्या पश्चिम भागांतील नॉटिंग हिल या वस्तींत जो कार्निव्हल भरतो, त्याच्याविषयीं तिकडील वृत्तपत्रें बहुधा एकच हिशेब देतात : गर्दी किती लोटली, पोलीस किती होते, अटका किती झाल्या आणि कचरा किती निघाला. हा हिशेब खोटा नाहीं. पण नाटकाचें परीक्षण लिहावयास बसलेल्या माणसानें नाट्यगृहाबाहेरील गाड्या मोजीत राहावें, तशांतला हा प्रकार आहे. पथकानें कोणतें सोंग आणलें, तें वठलें कीं फसलें, याची चर्चा क्वचितच होते. ती व्हावी असें आम्हांस वाटतें.

'सोंग' हा शब्द आम्ही जाणूनबुजून योजीत आहों. कार्निव्हलवाले आपल्या कलेस 'मास' म्हणतात व 'मास खेळणें' असा त्यांचा वाक्प्रचार आहे. मास्करेड या शब्दाचा हा संक्षेप. तिचें मूळ त्रिनिदाद बेटांत. तेथील फ्रेंच मळेवाले ख्रिस्ती उपवासाच्या पर्वापूर्वीं मुखवट्यांचे नाच करीत. (गोव्याचा कार्निव्हलहि याच पर्वाचा, पण त्याची वाट निराळी.) १८३४ ते १८३८ या काळांत तेथील गुलामगिरी संपली, तेव्हां मुक्त झालेल्या लोकांनीं तो सण रस्त्यावर आणला आणि आपल्या जुन्या धनी-धनिणींचींच सोंगें काढलीं. १८८१ मध्यें पोलिसांशीं त्यांची मोठी झटापट झाली. पुढें ढोलांवर बंदी आली, तेव्हां बांबूचे तुकडे जमिनीवर आपटून ताल धरण्यांत येऊं लागला. आणि १९३० नंतर पत्र्याचे डबे व तेलाचीं पिंपें ठोकून त्यांतून स्वर काढण्याची विद्या निघाली. ही विद्या जाणणारें त्रिनिदादचें एक वादकपथक १९५१ मध्यें लंडनच्या राष्ट्रीय महोत्सवांत वाजवून गेलें. त्यांतील स्टर्लिंग बेटनकोर्ट मात्र तेथेंच राहिले.

१९५८ च्या उन्हाळ्याच्या अखेरीस नॉटिंग हिलमध्यें गोऱ्या तरुणांच्या टोळ्यांनीं वेस्ट इंडीजहून आलेल्या रहिवाशांवर हल्ले केले. त्यावर उत्तर म्हणून क्लॉडिया जोन्स या पत्रकार बाईंनीं ३० जानेवारी १९५९ रोजीं सेंट पँक्रसच्या नगरभवनांत पहिला कार्निव्हल भरविला. कडाक्याच्या थंडीमुळें तो छपराखालीं झाला. १९६६ मध्यें रोन लॅस्लेट या समाजसेविकेनें वस्तींतल्या नाना देशींच्या शेजाऱ्यांस एकत्र आणून मुलांसाठीं जत्रा केली. तींत रसेल हेंडरसन यांचें पथक गळ्यांत पिंपें अडकवून वाजवीत रस्त्यानें निघालें, आणि लोक मागोमाग चालूं लागले. या दोघींपैकीं खरी जननी कोण, असा वाद अद्यापि चालतो. आम्हांस तो निष्फळ वाटतो. १९७३ पासून लेस्ली पामर यांनीं वेषधारी पथकें, पिंपांचीं वादकपथकें व ध्वनिक्षेपकवाले यांना एका मिरवणुकींत गुंफिलें, त्याचें श्रेय त्याहून अधिक आहे.

परंतु मिरवणूक ही या कलेची केवळ शेवटची घटका. तिचें खरें घर म्हणजे पथकाचा कारखाना, ज्यास 'मास कॅम्प' म्हणतात. तेथें कित्येक महिने आधीं विषय ठरतो, कागदावर चित्रें निघतात, आणि दिवसां नोकरी करणारीं माणसें रात्रीं येऊन कापड कापतात, डिंक लावतात, टिकल्या शिवतात. सगळ्यांत मान असतो तो तार वांकविणाऱ्याचा. पथकाच्या राजाराणीचीं सोंगें एवढीं अवाढव्य असतात कीं, पुष्कळदां त्यांना चाकें लावावीं लागतात. पण त्यांचा प्राण असतो नाचणाऱ्याच्या खांद्यांत व कमरेंत. तारेचा सांगाडा हलका हवा, आणि पावलागणिक त्यानें झोका घेतला पाहिजे. उभा असतांना डोळे दिपविणारा सांगाडा चालूं लागतांच ओझ्यासारखा दिसला, तर तो फसला असें खुशाल समजावें. मूर्तिकाराला ही अडचण नसते, शिंप्यालाहि नसते.

या कसोटीवर अलीकडचीं पुष्कळ पथकें उतरत नाहींत. दोन वस्त्रें, चार मणी आणि पाठीवर पिसांचा पिसारा, एवढ्यावर त्यांचें काम भागतें. त्रिनिदादमध्यें तर असे पोषाख चीनमधून करवून आणण्याची प्रथा पडली आहे. या पोषाखांवर अश्लीलतेचा आक्षेप घेणारे आहेत. तो आमचा नव्हे. वर्षभर दुसऱ्याच्या कामांत राबलेली बाई दोन दिवस आपल्या देहाच्या आनंदांत नाचली, तर त्यांत कोणाचें कांहीं जात नाहीं. शिवाय तिनें भरलेल्या वर्गणीवरच पथकें जगतात. आमचा आक्षेप एवढाच कीं, पोषाख अंगावर चढवितां येतो, सोंग वठवावें लागतें. उंच काठ्यांवर चालणारा 'मोको जंबी', लांबलचक बढाईखोर भाषणें ठोकणारा 'मिडनाइट रॉबर' हीं जुनीं सोंगें पाहावीं : त्यांच्याजवळ बोलावयास कांहींतरी आहे. क्लॅरी सालंडी यांच्या 'महॉगनी' या १९८९ पासूनच्या पथकाचें कामहि याच जातीचें. त्यांतील रंगीत आकार नाचणाऱ्याबरोबर उघडतात व मिटतात. याच मिरवणुकींत ब्राझिली सांबा शिकविणारी १९८४ ची लंडनची संस्थाहि चालते, म्हणून कला बिघडते असें नव्हे. जिला सांगण्यासारखें आहे ती परकी वाटत नाहीं.

'महॉगनी'चा कारखाना हार्ल्सडेनला आहे, नॉटिंग हिलला नाहीं. खरें दुखणें येथें आहे. ज्या पडक्या घरांतील एकेक खोली वेस्ट इंडीजच्या लोकांनीं अवाच्या सवा भाडें भरून घेतली होती, तींच घरें आज लंडनमधील अतिशय महाग घरांत मोडतात. १९९९ मध्यें या वस्तीच्या नांवानें एक लोकप्रिय चित्रपट निघाला. त्यांत काळा माणूस जवळजवळ दिसत नाहीं, अशी तक्रार तेव्हांच झाली होती. सर्व सोंगें आणतां येतात, पैशाचें सोंग आणतां येत नाहीं, हें आपल्याकडे सांगावयास नको. पोविस स्क्वेअरमधील जुनें प्रार्थनामंदिर, ज्यास टॅबरनॅकल म्हणतात, तें या कलेच्या हातीं राहिलेल्या थोड्या जागांपैकीं एक.

आणि तरीहि हा सण त्या वस्तीचाच आहे. १४ जून २०१७ रोजीं जवळच्याच ग्रेनफेल टॉवरला आग लागून ७२ माणसें मेलीं. त्या वर्षापासून दुपारीं तीन वाजतां सगळे ढोल, पिंपें व ध्वनिक्षेपक थांबतात. २०१८ पासून ती शांतता ७२ सेकंदांची करण्यांत आली. लाखों लोक एवढा वेळ गप्प उभे राहतात, त्याअर्थीं त्यांना केवळ गोंगाट हवा असतो असें म्हणतां येत नाहीं.

एवढें करणाऱ्यांच्या कलेचें परीक्षण लिहावयास वृत्तपत्रांनीं एखादा जाणता माणूस नेमावा, असें आम्हांस वाटतें. तें न जमल्यास, मंगळवारच्या अंकांत अटकेच्या आंकड्यांशेजारीं पथकाचा विषय व तो रेखाटणाराचें नांव तरी छापावें.