रक्तपिपासू प्रियकर आणि म्हसवडचा रथ

दोन पुरुषांचे परस्परांवरील प्रेम आणि त्यांपैकी एक रक्तपिपासू पिशाच, अशा लघुकथांच्या माला आज इंग्रजीत विपुल प्रमाणात लिहिल्या व वाचल्या जातात. एकच जोडी अथवा एकच परिवार घेऊन कथेमागून कथा रचावयाची, प्रत्येक कथेत भय आणि अनुराग यांचे मिश्रण करावयाचे व शेवटी प्रेमिकांचे मीलन घडवावयाचे, हा ह्या मालांचा ठरलेला साचा होय. रंजनपर वाङ्मय म्हणून त्यांची बोळवण करणे सोपे आहे. परंतु ज्या वाङ्मयप्रकाराला वाचक पुनःपुन्हा शरण जातो, त्याच्या मुळाशी एखादी खरी निकड असते. ती निकड कोणती, आणि मराठी परंपरेत तिला कोणते रूप मिळू शकेल, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

ह्या मालांचा पूर्वेतिहास एकोणिसाव्या शतकात सापडतो. शेरिडन ल फान्यू याची ‘कार्मिला’ ही दीर्घकथा १८७१-७२ मध्ये एका नियतकालिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. स्टिरिया प्रांतातील एका एकाकी गढीत राहणारी लॉरा आणि तिच्याकडे पाहुणी म्हणून आलेली कार्मिला यांच्यातील ओढ हा तिचा विषय. कार्मिला पिशाच आहे हे उघड होताच वडीलधारे पुरुष एकत्र येतात, तिचे थडगे उकरतात, देहात खुंटी ठोकतात, शिर छेदतात आणि शव जाळून टाकतात. कथा सांगते मात्र लॉरा. आणि अनेक वर्षांनंतरही दिवाणखान्याच्या दाराशी कार्मिलेची पावले वाजल्याचा तिला भास होतो. न्याय पुरुषांनी केला, पण स्मरण लॉराचे उरले. ब्रॅम स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’पूर्वी, म्हणजे १८९७ च्या पूर्वी पंचवीस वर्षे, हा साचा सिद्ध झाला होता, ही गोष्ट लक्षणीय आहे.

दुसरी कथा कार्ल हाइनरिख उलरिख्स याची ‘मानोर’. ती १८८५ च्या सुमारास त्याच्या खलाशांविषयीच्या कथासंग्रहात आली. फेरो बेटांवरील मानोर समुद्रात बुडून मरतो; ज्याला त्याने पूर्वी लाटांतून वाचविले होते त्या हारकडे तो रात्री परत येतो, आणि हार खंगत जातो. गावकरी मानोरच्या प्रेतात खुंटी ठोकतात. हार वियोगाने मरतो, आणि मरताना मागणे मागतो ते एवढेच की मानोरशेजारी आपल्याला पुरावे व त्याच्या देहातील खुंटी काढून टाकावी. ह्या कथेचा कर्ता २९ ऑगस्ट १८६७ रोजी म्यूनिक येथे जर्मन कायदेपंडितांच्या परिषदेत उभा राहिला होता व अशा प्रेमाला गुन्हा ठरविणारे कायदे रद्द व्हावेत असे भरसभेत बोलला होता. आरडाओरड होऊन त्याला बोलणे थांबवावे लागले. भरदिवसा सभेत जे पुरे बोलू दिले गेले नाही, ते त्याने अनेक वर्षांनी रात्रीच्या कथेत पुरे केले. पिशाचकथेची निकड ती हीच.

तिसरे उदाहरण अ‍ॅन राइस हिच्या १९७६ च्या ‘इंटरव्ह्यू विथ द व्हँपायर’ ह्या कादंबरीचे. लुई आणि लेस्टॅट हे दोन पुरुष न्यू ऑर्लिन्समध्ये एकत्र घर करून राहतात. त्यांच्या नात्याला मूळ पुस्तकात उघड नाव नाही. ते २०२२ पासूनच्या दूरचित्रवाणी मालिकेने दिले. येथे खुंटी ठोकणारे गावकरी मागे पडतात आणि पिशाच स्वतःच आपली कहाणी एका श्रोत्याला सांगतो. आजच्या लघुकथामाला ह्याच वळणावरून निघाल्या आहेत.

ह्या तिन्ही कृती क्रमाने वाचल्या असता एक सूत्र हाती येते. पिशाचाच्या मुखाने निषिद्ध प्रेमाला उच्चार मिळतो, पण त्याचे मोल म्हणून प्रेमिकाला आधी मेलेले असावे लागते. आजच्या मालांनी ह्या कराराचा अर्धा भाग मोडला आहे. त्यांत खुंटी नाही, वियोगही टिकाऊ नाही. जिवंत प्रियकराने स्वेच्छेने दंश स्वीकारावा आणि दोघांनी अनंतकाळ एकत्र राहावे, हा त्यांचा ठराविक शेवट. हा दंश म्हणजे वस्तुतः विवाहविधीच होय. त्यात संमती आहे, देवघेव आहे, कुळांतर आहे आणि आजन्म बांधिलकीही आहे. ज्या प्रेमाला समाजाने विधी दिला नाही, त्याने आपला विधी स्वतः रचला. मात्र कराराचा दुसरा अर्धा भाग तसाच राहिला आहे. प्रेमिकांना सूर्यप्रकाश वर्ज्य, शेजार वर्ज्य, आईबाप व गोतावळा वर्ज्य. विवाह लागतो, पण वरात निघत नाही.

हे वाङ्मय मराठीत आणू पाहणाऱ्यापुढे पहिली अडचण उभी राहते ती भाषांतराची. रिचर्ड बर्टनने १८७० मध्ये वेताळपंचविशीतील निवडक कथांना ‘विक्रम अँड द व्हँपायर’ असे नाव दिले, आणि वेताळ म्हणजेच रक्तपिपासू पिशाच हे समीकरण इंग्रजी वाचकांत रूढ झाले. ते फसवे आहे. पंचविशीतला वेताळ प्रेतात वास करतो, पण राजाचे रक्त पीत नाही. तो कोडी घालतो. शिवाय मराठी मुलखात वेताळ गावाच्या सीमेवरचा रखवालदार आहे. वेंगुर्ले तालुक्यातील आरवलीचा वेतोबा रात्री गावाभोवती फिरतो आणि त्याच्या वहाणा झिजतात, अशा श्रद्धेने भाविक त्याला चामड्याच्या मोठ्या वहाणा वाहतात. ज्याच्या झिजल्या पायतणाची गावाला काळजी वाटते, त्याला खुंटी ठोकण्याची कल्पना त्या गावाला सुचणार नाही. नारायण धारप यांनी स्टीफन किंगच्या १९७५ च्या कादंबरीवर बेतलेली ‘लुचाई’ लिहून रक्तपिपासू पिशाच मराठीत आणले. पण ते बाहेरून आलेले संकट म्हणूनच आले. वेताळाशी मराठी मनाचे जे घरगुती नाते आहे, ते त्याला लाभले नाही.

हे नाते किती दूरवर जाऊ शकते, याचे ठळक उदाहरण माणदेशात आहे. सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात, माणगंगेच्या काठी वसलेले म्हसवड हे सिद्धनाथाचे ठाणे. शेजारच्या सांगली जिल्ह्यातील खरसुंडी हे त्याच दैवताचे दुसरे मोठे ठाणे. सिद्धनाथ हे भैरवाचे रूप मानले जाते, आणि पुराणांतील भैरव म्हणजे स्मशानवासी, भूतवेताळांचा धनी. गुंथर सोंथायमर यांनी बिरोबा, म्हस्कोबा व खंडोबा यांच्यावरील आपल्या १९७६ च्या ग्रंथात दक्षिणेतील धनगर-गवळ्यांच्या दैवतांचा जो शोध घेतला, त्यात भैरवाच्या ह्या रूपांचा माग सापडतो. म्हसवडमध्ये ह्या भयंकर देवाचे काय होते? त्याचे जोगेश्वरीशी लग्न लागते, आणि मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला त्याचा रथ निघतो. गुलाल-खोबरे उधळत, चांगभल्याच्या गजरात माणसे तो आपल्या हातांनी ओढतात. भयंकराला मारून नव्हे, तर नवरदेव करून, नात्यात ओढून, ह्या लोकमानसाने आपलासा केला आहे.

येथे एक आक्षेप संभवतो व तो रास्त आहे. म्हसवडचा विवाह देव-देवीचा आहे. दोन पुरुषांच्या प्रेमाला त्यात कोणतीही मान्यता नाही, आणि जे गाव देवाचा रथ ओढते ते गाव अशा जोडीची वरात काढील असे मानण्यास आधार नाही. परंतु येथे प्रश्न मान्यतेचा नसून रीतीचा आहे. भयाला तोंड देण्याच्या दोन रीती समोर आहेत. एका रीतीत खुंटी आहे, दुसरीत सोयरिक. पहिल्या रीतीतून रक्तपिपासू प्रियकराची कथा जन्मली, म्हणून तिला रात्रीपलीकडे जाता येत नाही. मराठी लेखकाजवळ दुसरी रीत उपलब्ध असताना त्याने पहिलीच उसनी घ्यावी काय, हा वाङ्मयीन प्रश्न आहे.

मराठीतील उघड लेखन ह्या कसोटीवर पाहता येते. विजय तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’ (१९८१) ह्या नाटकात स्त्रीवर प्रेम करणाऱ्या सुमित्रेचा शेवट आत्महत्येत होतो. पिशाच नसले तरी प्रेमाचे मोल म्हणून मरण आहेच. सचिन कुंडलकर यांच्या ‘कोबाल्ट ब्लू’ (२००६) मध्ये भाऊ आणि बहीण दोघेही घरात भाड्याने राहणाऱ्या एकाच तरुणावर प्रेम करतात. येथे कोणाला मरावे लागत नाही, आणि मुख्य म्हणजे प्रेम पुण्यातल्या एका मध्यमवर्गीय घरात, आईवडिलांच्या वावरात घडते. दंशाचा विधी नसतानाही ही कादंबरी आजच्या पिशाचमालांपेक्षा पुढे गेली आहे, कारण तिने शेजार सोडला नाही. ह्याच दृष्टीने व्यंकटेश माडगूळकरांची ‘माणदेशी माणसं’ (१९४९) आठवावी. विषय अगदी वेगळा असला, तरी लहान लहान शब्दचित्रांच्या मालेतून माणूस त्याच्या गावासकट कसा उभा करावा, याचा तो वस्तुपाठ आहे. पिशाचमालांत नेमकी हीच गोष्ट आढळत नाही.

कायद्याचा इतिहासही ह्याच रेषेने गेला आहे. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने भारतीय दंडसंहितेचे कलम ३७७ प्रौढांच्या परस्परसंमतीच्या संबंधांना लागू होणार नाही असा निर्णय दिला. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी त्याच न्यायालयाने समलिंगी जोडप्यांना विवाहाचा मूलभूत हक्क असल्याचे मानण्यास नकार दिला. खुंटी निघाली आहे, रथ निघालेला नाही. आजच्या पिशाचमालांचा वाचक नेमक्या ह्या अवस्थेत उभा आहे, म्हणूनच त्या मालांतील अनंत रात्र त्याला ओळखीची वाटते.

ह्या अवस्थेला अनुरूप असा कथाबंध मराठीला वेताळपंचविशीत वारशाने मिळाला आहे. सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी १८३० मध्ये ती मराठी गद्यात आणली. एक पुरुष दुसऱ्याचे शव खांद्यावर वाहतो आणि ते शव रात्रभर त्याच्याशी बोलत राहते, ही तिची चौकट. अट अशी की, राजाने बोलावे तर ओझे निसटून पुन्हा झाडाला लोंबकळणार, आणि उत्तर ठाऊक असून गप्प राहावे तर मस्तक फुटणार. आपले प्रेम बोलता येत नाही व न बोलता जगताही येत नाही, अशा माणसाचे इतके नेमके चित्र पिशाचकथेतही नाही. पिशाचमाला तहानेने पुढे सरकते, पंचविशी प्रश्नाने.

त्याहून महत्त्वाचा आहे तो शेवटचा प्रश्न. कथासरित्सागरातील पाठात एक बाप व त्याचा मुलगा वनात दोन स्त्रियांची पावले पाहून आपापली वधू ठरवितात. प्रत्यक्षात मोठी पावले मुलीची व लहान आईची निघतात, आणि बाप मुलीशी व मुलगा आईशी विवाह करतो. त्यांच्या संततीचे परस्परांशी नाते काय, असे वेताळ विचारतो. सर्व कोडी उकलणारा राजा येथे निरुत्तर होतो, कारण ह्या नात्याला त्याच्या भाषेत नाव नाही. त्याचे मौन पराभव ठरत नाही. ते प्रामाणिक असल्यामुळेच वेताळ प्रसन्न होतो, कपटी योग्याचा डाव उघड करतो आणि राजाचे प्राण वाचवितो. इतका वेळ ओझे असलेला तो येथे सखा होतो.

तेव्हा अशा कथामालांचे परीक्षण करताना त्यांतील भयाची वा शृंगाराची मात्रा मोजणे गौण मानावे. प्रेमिकांना दिवस मिळाला काय, त्यांच्याभोवती आई, शेजारी, गाव आहे काय, आणि ज्या नात्याला नाव नाही त्यापुढे कथा उसने नाव चिकटविते की प्रामाणिकपणे थांबते, हे पाहावे. इंग्रजी मालांनी प्रियकराला मरणातून सोडविले, हे त्यांचे श्रेय नाकारता येणार नाही. त्याला रात्रीतून सोडविण्याचे काम उरले आहे. मराठीत ते जो कोणी हाती घेईल, त्याने पिशाचाची शवपेटी परदेशातून आणण्यापूर्वी मार्गशीर्षातल्या त्या दिवशी माणगंगेच्या काठी जाऊन म्हसवडचा रथ पाहावा.