टाळ्यांच्या पलीकडची सुटका

व्यसनातून सुटून घरी परतलेल्या माणसाविषयी आपल्याकडे दोन प्रश्न विचारले जातात. पहिला, "सुटली का?" आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा, "मग आता काय करतो?" देवपूरच्या आमच्या धर्मग्रामात मिस्सानंतर चर्चच्या अंगणात हे दोन्ही प्रश्न आम्ही अनेकदा ऐकले आहेत. दुसऱ्याला नोकरी, दुकान किंवा लग्न असे भरीव उत्तर मिळाले नाही, तर पहिल्याच्या उत्तरावरही लोकांचा विश्वास बसत नाही. सुटकेचा दाखला यशानेच द्यावा, ही अपेक्षा कितपत न्याय्य आहे? हा विचार करताना एका पाश्चात्त्य रॉक गायकाचे आत्मचरित्र आम्हांस फार उपयोगी पडले.

एरिक क्लॅप्टन हा १९४५ साली इंग्लंडमधील रिप्ली या खेड्यात जन्मलेला गायक आणि गिटारवादक. त्याचे आत्मचरित्र २००७ साली प्रसिद्ध झाले. त्याची कथा सहसा अशी सांगितली जाते : प्रतिभावंत कलावंत हेरॉइनच्या आणि दारूच्या आहारी गेला, पुढे सावरला, आणि १९९३ साली त्याच्या पदरात एकाच समारंभात सहा ग्रॅमी पुरस्कार पडले. सांगणारा येथे थांबतो आणि ऐकणारा समाधान पावतो. परंतु पुस्तक लक्षपूर्वक वाचले, तर त्यातील सनावळीच या कथेविरुद्ध साक्ष देते.

हेरॉइन सुटल्यानंतर, १९७४ साली, त्याची '४६१ ओशन बुलेव्हार्ड' ही ध्वनिमुद्रिका अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली. जगाने त्याचे पुनरागमन साजरे केले. प्रत्यक्षात हेरॉइनची जागा दारूने घेतली होती. १९७६ साली बर्मिंगहॅमच्या रंगमंचावरून, मद्यधुंद अवस्थेत, तो परदेशांतून आलेल्या लोकांविरुद्ध विखारी बोलला. त्या शब्दांची लाज त्याला पुढे जाहीरपणे मान्य करावी लागली. या सर्व काळात त्याची सभागृहे भरत होती. म्हणजे यश आले होते, सुटका मात्र झाली नव्हती. यशाला प्रमाण मानणाऱ्यांनी ही वर्षे वाचावीत.

१९८२ साली तो अमेरिकेतील हेझल्डन या उपचारकेंद्रात गेला. बाहेर आला आणि काही काळाने पुन्हा घसरला. १९८७ साली तो तेथेच परतला. पुस्तकातील सर्वोत्तम पाने येथे आहेत. मुक्काम संपत आला असता त्याला उमगते, की आपल्या आत काहीही बदललेले नाही. भीतीने ग्रासलेला हा माणूस खोलीत एकटाच असताना गुडघे टेकतो आणि मदत मागतो. आपण नेमके कोणाशी बोलत आहोत, हेही त्याला ठाऊक नसते. त्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ गुडघे टेकण्याचा नेम त्याने धरला, असे तो सांगतो. लेखक येथे अलंकार वापरत नाही, उपदेश करीत नाही. म्हणूनच आमचा त्याच्यावर विश्वास बसतो.

खरी कसोटी पुढेच होती. २० मार्च १९९१ रोजी त्याचा चार वर्षांचा मुलगा कॉनर न्यूयॉर्क येथे त्रेपन्नाव्या मजल्याच्या खिडकीतून पडून मरण पावला. 'टिअर्स इन हेवन' हे गीत या दुःखातून जन्मले आणि जगभर गेले. पण आम्हांस त्या गीताहून मोलाचा वाटतो तो एक लहानसा प्रसंग. व्यसनमुक्तांच्या एका सभेत क्लॅप्टन आपली हकिगत सांगतो. सभा संपल्यावर एक स्त्री त्याला म्हणते, की पिण्यासाठी माझ्याजवळ उरलेली शेवटची सबब आज तुम्ही काढून घेतली. मुलांना काही झाले तर पुन्हा प्यायला आपण मोकळ्या, असे ती मनाशी धरून होती. मुलाच्या मरणानंतरही न पिता जगणारा बाप तिच्यासमोर उभा होता. या पुरस्काराची नोंद कोठल्याही यादीत नाही.

पुस्तकात उणिवाही आहेत. अखेरचा भाग दौरे आणि घरे यांच्या वर्णनात सैल पडतो. त्याहून मोठी उणीव अशी, की व्यसनी माणसाच्या घरात जे जळते ते आपणांस त्याच्याच डोळ्यांनी पाहावे लागते. त्याची पूर्वीची पत्नी पॅटी बॉइड हिचेही आत्मचरित्र त्याच वर्षी निघाले. ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचावीत.

ही उणीव भरून काढणारे लेखन आपल्या मराठीत आहे. अनिल अवचट यांचे 'मुक्तांगणची गोष्ट' आमच्या वाचकांनी अवश्य वाचावे. अवचटांनी गर्दविषयी लिहिलेल्या लेखांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले, त्यांनी आर्थिक साह्य देऊ केले, आणि १९८६ साली पुण्यात डॉ. सुनंदा अवचट यांच्या नेतृत्वाखाली मुक्तांगण उभे राहिले. तेथे रुग्णांच्या पत्नींसाठी 'सहचरी' हा गट चालतो, कारण आजार एकट्याचा नसतो, घराचा असतो. एके काळी तेथे रुग्ण म्हणून आलेली माणसे आज इतरांना हात देतात. क्लॅप्टननेही अखेर हेच केले : १९९८ साली अँटिग्वा बेटावर उपचारकेंद्र काढले आणि पुढच्या वर्षी त्याच्या खर्चासाठी आपल्या १०० गिटारी लिलावात विकल्या. प्रसिद्ध गायक आणि अनामिक मराठी माणूस या एका ठिकाणी समान पातळीवर येतात.

उधळ्या पुत्राच्या दाखल्यातही, परतलेला मुलगा पुढे काय कमावू लागला, हे प्रभूने सांगितलेले नाही. बापाने ते विचारलेही नाही. आपल्या धर्मग्रामात कोणी असा परतून आला, तर तो दुसरा प्रश्न आपणही काही काळ मागे ठेवावा. आजचा दिवस तो न पिता राहिला असेल, तर आजच्यापुरते तेवढे उत्तर पुरेसे आहे.