काळ्या माणसाच्या हातातली दुर्बीण

काळ्या लेखकाचे पुस्तक आपण बहुधा एकाच अपेक्षेने उघडतो. त्यात चाबूक असावा, जाळलेले घर असावे, पोलिसाची लाठी असावी आणि या साऱ्याला दिलेला नकार असावा. 1972 साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिने अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून नाव घेतले, आणि वेदना व विद्रोहाच्या धाग्याने हे नाते आपण जोडत आलो. नाते खरेच आहे. पण त्यामुळे एक गोष्ट आपल्या वाचनातून निसटली. काळा माणूस सकाळी उठून काय पाहतो, कशात रमतो, कोणते शास्त्र शिकतो, हा त्याचा साधा दिवस आपल्या समीक्षेला साहित्याचा विषय वाटत नाही. 2020 च्या मे-जूनमध्ये अमेरिकेतल्या काळ्या पक्षीनिरीक्षकांनी समाजमाध्यमांवर जे लिहिले ते मला या दृष्टीने महत्त्वाचे वाटते. त्याला ललित लेखन म्हणावे की नाही हा वाद ज्यांना घालायचा त्यांनी खुशाल घालावा. आपल्या आत्मकथनांच्या बाबतीतही तो घातला गेलाच होता.

प्रसंग थोडक्यात सांगतो. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये रॅम्बल नावाचा दाट झाडीचा भाग आहे. वसंतात उत्तरेकडे निघालेले चिमुकले वार्बलर पक्षी तिथे विसाव्याला उतरतात. तिथे कुत्रा बांधून ठेवण्याचा नियम आहे. 25 मे 2020 च्या सकाळी ख्रिश्चन कूपर या काळ्या पक्षीनिरीक्षकाने एका गोऱ्या बाईला हा नियम पाळायला सांगितले. तिने पोलिसांना फोन लावला आणि एक आफ्रिकन अमेरिकन पुरुष आपल्या जिवावर उठला आहे असे सांगितले. कूपरने हे सारे फोनवर चित्रित केले होते. त्याच्या बहिणीने ती चित्रफीत ट्विटरवर टाकली आणि कोट्यवधी लोकांनी ती पाहिली. त्याच दिवशी संध्याकाळी मिनिआपोलिसमध्ये पोलिसाने गुडघ्याखाली मान दाबून जॉर्ज फ्लॉइडचा जीव घेतला. कूपर हार्वर्डचा पदवीधर, मार्व्हल कॉमिक्सचा माजी संपादक, शहरातल्या पक्षीसंस्थेच्या संचालक मंडळाचा सदस्य. शिक्षणाने आणि पदाने रंग झाकला गेला नाही, हे या नियतकालिकाच्या वाचकाला समजावून सांगायला नको.

पुढच्या आठवड्यात जे घडले त्याची चर्चा आपल्याकडे फारशी झाली नाही. विज्ञानक्षेत्रातल्या तरुण काळ्या मंडळींच्या एका गटाने 31 मे ते 5 जून हा ‘ब्लॅक बर्डर्स वीक’ जाहीर केला. एके दिवशी काळ्या माणसांनी रानात, नदीकाठी, डोंगरावर असलेली आपली छायाचित्रे टाकायची. एके दिवशी फक्त पक्षी टाकायचा. एके दिवशी कोणीही काळ्या पक्षीनिरीक्षकाला प्रश्न विचारायचा. शेवटचा दिवस पक्षी पाहणाऱ्या काळ्या स्त्रियांचा. घोषणा नाहीत, मागण्यांची सनद नाही. गळ्यात दुर्बीण, चिखलाने भरलेले बूट आणि आज काय दिसले त्याची नोंद.

शहरे पेटलेली असताना पक्ष्यांचे फोटो कसले टाकता, हा आक्षेप सरळ आहे आणि तो मी हलका मानत नाही. बांधिलकीची भाषा बोलणाऱ्या कोणालाही तो प्रथम सुचेल. पण हा आक्षेप घेणारा नकळत असे गृहीत धरतो की पक्षी ही फुरसतवाल्यांची मालमत्ता आहे आणि शोषिताचा त्यावरचा हक्क क्रांतीनंतर सुरू होतो. मला हे मान्य नाही. ज्या माणसाच्या हातातली दुर्बीण पाहून शेजारी पोलिसांना बोलावतो, त्याने ‘आज मी हा पक्षी पाहिला’ असे चारचौघांत लिहिणे ही नुसती हौस राहत नाही. त्या वाक्यातला ‘मी’ आणि ‘पाहिला’ हे दोन्ही शब्द झगडून मिळवलेले आहेत. पाहणारा तो आणि पाहिले जाणारे आपण, अशीच आजवरची वाटणी होती.

ही जाणीव एका आठवड्यात उगवलेली नव्हती. साउथ कॅरोलिनातले पक्षीशास्त्रज्ञ आणि कवी जे. ड्रू लॅनहॅम यांनी 2013 साली ‘ओरायन’ मासिकात काळ्या पक्षीनिरीक्षकासाठी नऊ नियम लिहिले होते. टोपीचे जर्किन घालून पक्षी पाहायला जाऊ नये, दुर्बिणीबरोबर ओळखपत्रेही बाळगावीत, अशा थाटाचे ते उपरोधिक लेखन. हसता हसता घसा दाटतो. तिथे विनोद हे ढालीसारखे वापरलेले हत्यार आहे. 2020 च्या सप्ताहातल्या तरुणांनी ती ढाल बरीचशी खाली ठेवली, आणि हा फरक मला मोठा वाटतो.

कूपरने स्वतः त्याच वर्षी ‘इट्स अ बर्ड’ ही चित्रकथा लिहिली. डीसी कॉमिक्सने ती सप्टेंबरमध्ये काढली, चित्रे अलिथा मार्टिनेझ यांची. एका काळ्या मुलाला घराण्यातली जुनी दुर्बीण मिळते. ती डोळ्याला लावली की त्याला पोलिसांच्या हातून मेलेल्या काळ्या माणसांचे चेहरे दिसतात. कल्पना जबरदस्त आहे, वाचकाला ती हलवून सोडते. तरीही माझी तक्रार आहे. त्या कथेत पक्षी उरत नाही, प्रतीक उरते. काळ्या मुलाने दुर्बीण उचलली की त्याला प्रेतच दिसले पाहिजे, ही अपेक्षा बाजारालाही सोयीची असते. गोरा वाचक हळहळतो, पान मिटतो आणि स्वतः मात्र उद्या सकाळी निर्धास्तपणे पक्षी पाहायला जातो. कूपरचे 2023 मधले आत्मचरित्र या सापळ्यातून पुष्कळ सुटलेले आहे. त्यात तो प्रसंग येतो, पण त्याच्या भोवती पक्ष्यांचे आवाज, कॉमिक्सचे वेड, समलिंगी माणसाचे जगणे आणि बापाशी असलेले नाते असा भरलेला संसार आहे. मला ते पुस्तक चित्रकथेपेक्षा वरचे वाटते.

प्रश्नोत्तराच्या दिवसाकडे तर आपल्या शिक्षकांनी मुद्दाम पाहावे. काळ्या माणसाला एरवी एकच प्रश्न विचारला जातो: तुला काय भोगावे लागले? त्या दिवशी त्याला पक्ष्यांबद्दल विचारायचे होते. तो साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून उतरून शिकवणाऱ्याच्या जागी आला. सप्ताहाच्या संयोजकांपैकी कोरिना न्यूसम तेव्हा जॉर्जियात पदव्युत्तर संशोधन करत होती. तिचा विषय म्हणजे किनाऱ्यावरच्या खाऱ्या दलदलीत घरटे बांधणारी एक चिमणी. घरटे खाली बांधावे तर भरतीचे पाणी शिरते, वर बांधावे तर भक्षकाला दिसते, आणि समुद्राची पातळी तर वाढतेच आहे. या चिमणीचे कोडे सांगायला तिला स्वतःच्या रंगाचा दाखला द्यावा लागत नाही. गंमत अशी की त्या चिमणीला मॅकगिलिव्हरेचे नाव आहे, आणि ते ठेवले जॉन जेम्स ऑड्युबॉनने, ज्याने पक्ष्यांची चित्रे काढली तशी गुलाम माणसांची खरेदीविक्रीही केली.

नावांचा वाद पुढे पेटला. गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या सेनानीचे नाव एका पक्ष्यावरून 2020 मध्ये काढले गेले. 2023 मध्ये अमेरिकन पक्षीशास्त्र संस्थेने आपल्या अखत्यारीतली माणसांवरून पडलेली सगळी इंग्रजी पक्षीनामे बदलण्याची घोषणा केली. राष्ट्रीय ऑड्युबॉन सोसायटीने मात्र त्याच वर्षी स्वतःचे नाव कायम ठेवले. पाटी बदलणे सोपे नसते, हे नामांतराच्या लढ्यातून गेलेल्या आपल्याला ठाऊक आहे.

मला जास्त काळजी वाटते ती या लेखनाच्या पुढच्या दिवसांची. आपली अनियतकालिके रडतखडत निघाली, पण छापलेला अंक कोणाच्या तरी पत्र्याच्या पेटीत टिकला. या मंडळींनी लिहिले ते परक्याच्या भिंतीवर. ऑक्टोबर 2022 मध्ये ट्विटरचा मालक बदलला, जुलै 2023 मध्ये नावही गेले. सहा दिवसांचे ते अनुभवविश्व कोणी गोळा करून ठेवले नाही तर उद्याचा अभ्यासक कूपरची चित्रफीत तेवढी शोधून काढील, म्हणजे पुन्हा जखमच.

नोंद कोणाची होते याचा हिशेब पक्ष्यांच्या बाबतीतही निघाला आहे. 1930 च्या दशकात अमेरिकेच्या सरकारी गृहकर्ज महामंडळाने शहरांचे नकाशे रंगवले आणि कर्जाला धोक्याच्या ठरवलेल्या वस्त्या, त्यांत काळ्यांच्या वस्त्या प्रामुख्याने, लाल केल्या. 2023 मध्ये एका संशोधनाने 195 शहरांतल्या पक्षीनोंदी या जुन्या नकाशांवर ठेवून पाहिल्या. सर्वांत कमी नोंदी लाल वस्त्यांत निघाल्या, आणि 2000 ते 2020 या काळात ही दरी वाढत गेली. तिथे पक्षी किती आहेत ते नीट सांगता येत नाही, कारण तिथे जाऊन कोणी पुरेसे मोजलेलेच नाही.