जी. एं.च्या हातचं ‘रान’

लेखक-वाचक भेटीच्या कार्यक्रमात ‘तुम्हाला कथा सुचते कशी?’ हा प्रश्न हमखास येतो. लेखक जरा अवघडतो, मग एखादा घोटलेला किस्सा सांगतो, हशा पिकतो आणि आभारप्रदर्शन उरकून मंडळी चहाकडे वळतात. जी. ए. कुलकर्णी असल्या भानगडीत पडले नाहीत. धारवाडला कॉलेजात इंग्रजी शिकवावं, काळ्या चष्म्याआड राहावं, ‘काजळमाया’ला मिळालेल्या साहित्य अकादमी पुरस्कारावरून वाद उठला तर तो सरळ परत करून टाकावा, असा त्यांचा खाक्या. बोलले ते पत्रांतून. त्यांच्या निवडक पत्रांचा पहिला खंड सुनीताबाई देशपांडे यांना लिहिलेल्या पत्रांचा आहे. तो वाचताना जाणवतं की स्वतःच्या कथेचा विषय निघाला की हा माणूस अंग चोरतो, आणि दुसऱ्याच्या पुस्तकाचा निघाला की खुलतो.

म्हणूनच लेखनाच्या कसबाबद्दल जी. ए. काय म्हणतात हे ऐकायचं तर मी त्यांची भाषांतरं काढतो, त्यातही अमेरिकन कादंबरीकार कॉनरॅड रिक्टरची. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात ती आली. अमेरिकन पुस्तकांची मराठी भाषांतरं करवून घेण्याचं काम तेव्हा मुंबईच्या यूसिस (अमेरिकी माहिती सेवा) कचेरीतून चाले, आणि तिथे जयवंत दळवी होते. रिक्टर हे नाव मराठी वाचकांपर्यंत पोचलं ते मुख्यतः जी. एं.मुळेच. त्याच्या या तीन मूळ कादंबऱ्या १९४०, १९४६ आणि १९५० सालच्या, शेवटचीला १९५१चं पुलित्झर. मराठीत त्यांची नावं ‘रान’, ‘शिवार’ आणि ‘गाव’. ‘एवढा मोठा कथाकार भाषांतरांत वेळ का घालवत बसला?’ अशी हळहळ काही जण व्यक्त करतात. मला ती पटत नाही.

‘रान’ची सुरुवातच पाहा. पेनसिल्व्हेनियातली शिकार आटली म्हणून वर्थ लकेट बायकापोरांना घेऊन ओहायोच्या जंगलाकडे निघालाय. एका उंचवट्यावर सगळे थांबतात. खाली उन्हात चमकणारं काळपट हिरवं पाणी पसरलेलं पाहून थोरली मुलगी सेवर्ड हिला क्षणभर वाटतं, बापाने आपल्याला समुद्रावर आणलं. मग कळतं की हे पाणी नव्हे, झाडांचे शेंडे आहेत, नजर पोचेल तिथवर. त्या शेंड्यांखाली दिवसाही अंधार आहे आणि आता तिथे राहायचं आहे. आधीच खंगलेली आई, जारी, तिथेच संपते. सगळं घर पोरसवदा सेवर्डच्या अंगावर पडतं.

पुढे सगळ्यांत धाकटी, सुली, गाई आणायला गेलेली असताना रानात हरवते. आसपासचे लोक गोळा होतात, शोध सुरू होतो. आणि त्या शोधात सापडतं काय, तर रानात कुठेतरी काटक्याकुटक्यांचं मांडलेलं खेळातलं घर. हरवलेल्या पोरीने, बहुधा आपल्याला कोणी न्यायला येईल या भरवशावर, आपल्याच घरासारखं घर मांडलेलं. पोरगी मात्र नाही. तिचं काय झालं हे रिक्टर इथे सांगत नाही. शोधणारे आपापल्या घरी परततात, बाप तिच्या मागावर जातो तो ‘रान’मध्ये परत येत नाही, आणि सेवर्ड उरलेल्यांचं पोट भरायच्या मागे लागते.

जी. एं.ची कथा ज्यांनी वाचली आहे त्यांना इथे ओळख पटेल. माणसावर आघात का होतो याचा हिशेब त्यांची कथा देत नाही. ‘रमलखुणा’तल्या ‘प्रवासी’लाही तो मिळत नाही. पण स्वतःच्या कथेत अशा जागी जी. ए. प्रतिमांवर प्रतिमा रचत जातात, वाक्य पाल्हाळत नेतात, वाचकाला घुसमटवतात. कधी कधी, खरं सांगायचं तर, अती करतात. रिक्टरने मात्र खेळातलं घर दाखवलं आणि तिथून काढता पाय घेतला. भाषांतर करताना जी. एं.ना हे जवळून, शब्दाला शब्द लावत पाहावं लागलं असणार. आपल्या लेखणीची ओढ आवरून दुसऱ्याच्या मिताक्षरीपणात राहायचं, हे लेखकाला सोपं नसतं. ती भाषांतरं वाचताना मला हा संयमच जास्त दिसतो.

झाडांचंही तसंच. तरुणपणी सेवर्ड झाडांचा द्वेष करते, कारण ती आईला गिळून बसलीत, बहिणीला लपवून बसलीत. ‘शिवार’मध्ये तिच्या पिढीने कुऱ्हाडीने उजेड पाडला आहे. ‘गाव’मध्ये उजेडच उजेड झाल्यावर त्याच म्हातारीला दाराशी झाडं हवीशी वाटतात. रिक्टरने यावर भाष्य केलेलं नाही. एका बाईच्या आवडीनिवडी वयाबरोबर बदलल्या, इतक्या साधेपणाने ते येतं.

‘गाव’ मला थोडं लांबलेलं वाटतं. सेवर्डचा धाकटा मुलगा चान्सी आणि त्याचे रुसवेफुगवे यांना फार पानं दिली आहेत. तरी ते पुस्तक सोडवत नाही, कारण सुलीचा पत्ता अखेर तिथे लागतो. ती मूलनिवासी इंडियन नवऱ्याबरोबर संसार करतेय. बहिणी भेटायला जातात तेव्हा ती ओळखच देत नाही.

हा प्रसंग समोर येतो तेव्हा वाचकाच्या डोळ्यांपुढे ते काटक्यांचं घर हवं. पुलित्झरचं नाव पाहून कुणी थेट ‘गाव’ उघडलं, तर सुली त्याला कुणीतरी परकी बाई वाटेल आणि सेवर्डचं तिथून निमूट निघून येणं कोरडं वाटेल. तेव्हा ‘रान’ आधी, मग ‘शिवार’, आणि ‘गाव’ सर्वांत शेवटी.